सेमी ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन: पहाटेच्या पाण्यावर आठ महिने

मशीन घेतलं ते २०२४ च्या अक्षय्य तृतीयेला, १० मे रोजी. आता संक्रांतही होऊन गेली. सात किलोचं, दोन टबांचं साधं सेमी ऑटोमॅटिक, साडेनऊ हजारांचं. तेव्हा आमच्या लग्नाला पाच महिने झाले होते. आठवड्यातून चारदा, असं आठ महिने चालवून झाल्यावर लिहितोय. ज्यांच्याकडे पाणी ठरल्या वेळी येतं आणि ठरल्या वेळी जातं, त्यांना याचा उपयोग व्हावा.

आम्ही गिरगावात चाळीत राहतो. दोन खोल्या, स्वयंपाकघरातच मोरी, मोरीशेजारी दोनशे लिटरचं निळं पिंप. पाणी पहाटे साडेचारला येतं, सव्वासहाला जातं. बायको नर्स आहे, तिच्या ड्युट्या सारख्या बदलतात. माझं ऑफिस दहाचं. म्हणून धुणं माझ्याकडे, हे लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात ठरलं. आधीचे पाच महिने हाताने धुतलं. आईने याच मोरीत तीस वर्षं तेच केलं होतं, आणि चादर पिळताना तिची मनगटं का दुखायची हे मला त्या पाच महिन्यांत नीट कळलं.

दुकानदार फुल्ली ऑटोमॅटिक घ्या म्हणत होता. त्याचं चुकत नव्हतं, पण ते मशीन स्वतः पाणी ओढत नाही. त्याला नळ जोडलेला लागतो, नळाला दाब लागतो आणि मध्येच पाणी गेलं की ते तिथेच थांबून राहतं. पिंपातल्या पाण्याला दाब कुठून आणणार? सेमीत बादलीने पाणी ओतता येतं. किती ओतायचं, कुठलं पुन्हा वापरायचं, कुठलं सोडून द्यायचं हे आपल्या हातात राहतं. आमच्यासारख्या घरात हा मला सगळ्यात मोठा गुण वाटतो.

माझा क्रम असा बसलाय. पाणी आलं की आधी पिंप भरून घ्यायचं, मग टबात साडेतीन बादल्या. पहिला घाणा पांढऱ्याचा, म्हणजे बायकोचे युनिफॉर्म, माझे शर्ट, टॉवेल. बारा मिनिटं. कपडे काढायचे, पाणी ठेवायचं. त्याच साबणाच्या पाण्यात रंगीत कपडे, शेवटी पायपुसणी. मग नवीन पाण्यात दोनदा खळबळणं, त्यातही पांढरे आधी. शेवटच्या खळबळण्याचं पाणी मी घमेल्यात धरतो आणि त्याने गॅलरी धुतो. इथे बादली चालत नाही. या मशीनमधलं पाणी नुसत्या उताराने बाहेर पडतं, त्यामुळे पाइप वर उचलला की धार थांबते. मशीन नऊ इंची लोखंडी स्टँडवर ठेवल्यावर घमेलं बरोबर खाली बसलं.

या सवयीची किंमत जूनमध्ये कळली. तलावांतला साठा घटला म्हणून पालिकेने ३० मेपासून ५ टक्के आणि ५ जूनपासून १० टक्के पाणीकपात लावली. ती उठली २९ जुलैला. दहा टक्के कागदावर थोडे वाटतात, पण आमच्या मजल्यावर शेवटचा अर्धा तास नळाला करंगळीएवढी धार यायची. त्या दोन महिन्यांत धुण्याचा एकही दिवस चुकला नाही, तो एकाच साबणाच्या पाण्यात तीन घाणे काढता आले म्हणून. तलावाचं पाणी मऊ असल्याने थोड्या पावडरीतही फेस भरपूर येतो. टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्यावर मशीन चालवणार असाल तर पावडर जास्त लागेल आणि खळबळणंही वाढेल.

ड्रायरवर मात्र आमच्या घरी वाद झाले. चाळीची जमीन लाकडी तुळयांवरची. मेच्या शेवटी एके दिवशी पहाटे पाचला ड्रायर लावला आणि मशीन धाडधाड नाचायला लागलं. सातच्या सुमारास खालच्या काकू वर आल्या. "अरे बाळा, पहाटे पहाटे डोक्यावरचं छत थरथरतं रे. यांना रात्रभर झोप नसते, आत्ता कुठे डोळा लागतो." काका आजारी आहेत हे मला माहीत होतं, तरी सुचलं नव्हतं. ते बोलणं मला फार लागलं. मग लक्षात आलं की ड्रायरला पाणी लागतच नाही! धुणं पहाटे उरकायचं, पिळायचं साडेसातनंतर. दोन टब वेगळे असल्याचा हा फायदा दुकानात कुणी सांगितला नव्हता. खाली जाड रबरी मॅट घातली आणि कपडे कडेने सारखे दाबून त्यावर जाळीची चकती बसवायला शिकलो, तेव्हा आवाज निम्म्यावर आला. ड्रायरचा टब लहान असतो, धुतलेला एक घाणा त्यात दोनदा लावावा लागतो, हेही आधीच धरून चाला.

पावसात याच ड्रायरने आम्हाला तारलं. ८ जुलैला रात्रभर पाऊस कोसळला आणि सकाळी मध्य रेल्वे कोलमडली. बायको ठाण्याहून नाइट करून निघाली ती दुपारी दोनला घरी पोचली, नखशिखांत भिजलेली. दुसरा युनिफॉर्म त्याच दिवशी धुतलेला, आणि रात्री पुन्हा ड्युटी. दोनदा पाच-पाच मिनिटं ड्रायर, मग पंख्याखाली तीन तास, शेवटी इस्त्री. सात वाजता ती कोरडा युनिफॉर्म घालून निघाली. दारात वळून "झालं बाई एकदाचं" म्हणाली आणि हसली, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. युनिफॉर्मवर रक्ताचे डाग असतील तर ते आधी गार पाण्यात भिजवा, गरम पाण्याने ते पक्के बसतात. हळदीचा डाग साबण लागला की लाल होतो, घाबरू नका. उन्हात दोन दिवस टाकला की फिकट होत जातो.

गणपतीत पाच दिवस गावी गेलो, आणि जाताना ड्रायरमध्ये एक ओला नॅपकिन राहिला. परत आलो तर स्वयंपाकघरात कुबट वास भरलेला. तेव्हापासून दोन्ही झाकणं उघडी ठेवतो. दिवाळीला आई आली, तिची सुती पाचवारी साडी इतर कपड्यांभोवती दोरखंडासारखी वळली. साडी घडी करून जाळीच्या पिशवीत घालायची, हे बायकोने सुचवलं. कॉलर मात्र आई अजूनही हातानेच घासते, आणि तिचं बरोबर आहे. मशीनला कॉलर निघत नाही.

तक्रार एकच, पण मोठी. ऑगस्टमध्ये टबात पाणी ठरेना, ओतलं की वाहून जायचं. कंपनीचा माणूस आठ दिवसांत येतो म्हणाला आणि सोळा दिवसांनी आला. तोवर शेजारच्या प्लंबर दादांनी खालचा व्हॉल्व्ह उघडून त्यात अडकलेली केसांची पिन काढून दिली होती. खिसे आणि युनिफॉर्मच्या पिना आता मी दोनदा तपासतो. विजेच्या बिलात फरक असा जाणवला नाही.

घेणार असाल तर दुकानात जाण्याआधी मोरीची रुंदी, दाराची चौकट आणि जिन्याचं वळण मोजून ठेवा. आमचं मशीन मी आणि धाकट्या भावाने हातावर वर आणलं, प्लास्टिकचं असल्याने ते जमलं. आणि मशीनच्या बुडाला उंदरांची जाळी पहिल्याच दिवशी बसवून घ्या. आम्ही ती दुसऱ्या महिन्यात बसवली, तोवर उंदराने पाइप एकदा कुरतडला होता.