आठ महिने नाल्याचं पाणी तपासलं: ऑक्सिजनची पेटी, टीडीएस पेन आणि घरची जाळी

पोळ्याच्या आठवड्यात मी ही पाणी तपासायची पेटी मागवली, आता चैत्र संपत आलाय. आमचं चार एकर वावर नाल्याला लागून आहे, आर्वी तालुक्यात. नाला पुढे वर्धा नदीला मिळतो. वीस वर्षांपूर्वी मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई याच नाल्याच्या वाळूत झिरा करून प्यायचं पाणी भरायच्या. आज त्यात बैल उतरवतानाही मन कचरतं. नेमकं काय बिघडलंय ते कळावं म्हणून हा खर्च केला.

आधी टीडीएस पेनबद्दल, कारण गावात सगळ्यांचा त्याच्यावरच विश्वास. दोन-तीनशे रुपयांत मिळतो, पाण्यात बुडवला की आकडा येतो. आमच्या नाल्यात आठही महिने तो साडेतीनशे ते साडेचारशेच्या मधे राहिला. प्यायच्या पाण्याची मर्यादा पाचशे, म्हणून पाणी चांगलं असं सगळे म्हणतात. पण हा पेन पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो, बाकी काही नाही. पाण्यात ऑक्सिजन आहे का, फवारणीचं औषध उतरलंय का, हे त्याला कळत नाही. नाल्यासाठी म्हणून हा पेन घेऊ नका.

पेटीतली खरी कामाची गोष्ट म्हणजे ऑक्सिजनची तपासणी. काचेची छोटी बाटली पाण्याखालीच भरून तिथेच बूच लावायचं, आत एकही बुडबुडा राहता कामा नये. मला हे जमायला दोन आठवडे लागले. मग दोन औषधांचे थेंब टाकले की पाण्यात तपकिरी साका धरतो. ऑक्सिजन अजिबात नसेल तर तो पांढराच राहतो. आम्लाचे थेंब घातले की साका विरघळून पाणी मधासारखं पिवळं होतं. स्टार्च टाकला की एकदम गर्द निळं. शेवटी उरलेल्या शेवटच्या औषधाचा एकेक थेंब मोजत निळा रंग जाईपर्यंत टाकत राहायचं. माझ्या पेटीत एक थेंब म्हणजे लिटरला एक मिलिग्रॅम ऑक्सिजन.

पहिले दीड-दोन महिने मी दुपारी तीनला जायची, घरची कामं आवरून. डोहात नऊ थेंब लागायचे आणि मी खूश व्हायची. मग नववीतली मुलगी म्हणाली, ‘आई, शेवाळ रात्री ऑक्सिजन देत नाही, उलट घेतं.’ ऑक्टोबरमध्ये पहाटे पाचला दोघी बॅटरी घेऊन गेलो. त्याच डोहात, त्याच बाटलीत तिसऱ्या थेंबाला रंग गेला. मासे आणि पाण्यातले जीव टिकायला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने किमान चार मिलिग्रॅम धरलेत. म्हणजे दुपारी भरपूर दिसणारा डोह पहाटे गुदमरत होता. डोहाच्या वरच्या धुऱ्यावरून युरियाचं पाणी उतरतं, त्यावर ते हिरवं शेवाळ पोसतं. ही पेटी घेतलीत तर सूर्य उगवायच्या आधी एकदा तरी जा. नुसत्या दुपारच्या आकड्यावर विसंबू नका.

पाण्यातले किडे पकडायची जाळी पेटीत येत नाही. आम्ही दोन बांबूंना मच्छरदाणीचं कापड बांधलं, पण त्याच्या छिद्रांतून बारीक अळ्या निसटत होत्या, म्हणून नंतर चाळणीचं बारीक नायलॉन लावलं. खळखळत्या उथळ पाण्यात जाळी धरायची, वरच्या अंगाला उभं राहून दोन-तीन मिनिटं पायांनी गोटे हलवायचे आणि जे येईल ते पांढऱ्या टबात ओतायचं. पहिल्याच खेपेला एका गोट्याच्या पोटाशी चपटी, तीन शेपट्यांची अळी चिकटलेली दिसली. पोटाच्या दोन्ही बाजूंचे पानासारखे कल्ले सारखे थरथरत होते. ही मेफ्लाय नावाच्या कीटकाची अळी. पाण्यातल्या किड्यांना एक ते दहा गुण द्यायची पद्धत आहे, ज्याला जितकं स्वच्छ पाणी लागतं त्याला तितके जास्त. तीत गोट्याला चिकटणाऱ्या या चपट्या अळीला पूर्ण दहा, चिखलातल्या लाल अळ्यांना दोन आणि गांडुळासारख्या बारीक कृमींना एक.

सप्टेंबरात पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, मावा-तुडतुड्यांसाठी फवारणी झाली. पंप धुवायची गावाची जागा नाल्यावरच आहे आणि आमचा पंपही तिथेच धुतला जायचा. पंधरा दिवसांनी त्या जागेच्या वरच्या खळखळाटात अळ्या होत्या, खालच्या बाजूला एकही नव्हती. ऑक्सिजन दोन्हीकडे सहा थेंब, टीडीएस सारखाच. इमिडाक्लोप्रिडसारखी कीटकनाशक औषधं या अळ्यांना फार थोड्या मात्रेतही मारतात. माझ्या मते खालच्या अळ्या आमच्याच पंपांनी मारल्या, आणि ते पाहून मला रात्री झोप लागली नाही. तेव्हापासून आमचा पंप वावरातच धुतो, नाल्यापासून आणि विहिरीपासून दूर. शेजारच्या तीन घरांनी टब डोळ्यांनी पाहिला आणि त्यांनीही बंद केलं. जानेवारीत खालच्या गोट्याखाली पुन्हा तीन शेपट्या दिसल्या. दोनच अळ्या, पण मुलगी ओरडलीच.

खतातून उतरणारं नायट्रेट तपासायच्या पट्ट्या पावसाच्या पहिल्या जोरानंतर कामाच्या, एरवी नाही. पीएच पट्ट्यांचा डबा दमट हवेत एकदा उघडा राहिला आणि सगळ्या वाया गेल्या. पूर चढलेला असताना काहीच तपासू नका, गढूळ पाण्यात रंगच कळत नाही.

तक्रार टिकाऊपणाबद्दल आहे. स्टार्चला नोव्हेंबरात बुरशी आली. मार्चच्या उन्हात शेवटचं औषध मंद झालं असावं, कारण एकाच पाण्याला थेंब जास्त लागू लागले. दुकानदाराने बाटली बदलून दिली नाही. सूचनांचा कागद मराठीत नाही, आणि आत आम्ल व विषारी औषधं असताना हे फार वाईट. हातमोजे घालाच, पोरांना एकटं करू देऊ नका आणि वापरलेलं पाणी नाल्यात कधीच ओतू नका. आम्ही ते जुन्या कॅनमध्ये साठवतो.

फेब्रुवारीतच धार तुटली, आता दोन डोह उरलेत. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन मावतोच कमी, तीस अंशाला जेमतेम साडेसात मिलिग्रॅम. म्हणून उन्हाळ्यातल्या आकड्याची तुलना थंडीतल्या आकड्याशी करू नका. पैसे कमी असतील तर आधी जाळी करा, ऑक्सिजनची पेटी नंतर घ्या. पेटी मे महिन्यात मागवू नका, औषधं वाटेतच तापतात. मी नवीन बाटल्या धार सुरू झाल्यावर, जुलैत घेणार आहे.