चावीचं काम की सेलचं काम? आठवडी बाजारात घड्याळाची पेटी मांडण्याआधी

घड्याळ दुरुस्तीची पेटी घेऊन बाजारात बसायचं ठरवत असाल, तर अवजारांच्या आधी बसायची जागा पाहा. दिवाळीच्या सुमारास सोयाबीनच्या मळणीचा भुसा उडतो, मग कापसाचे तंतू हवेत असतात, आणि एप्रिल-मे म्हणजे ऊन आणि फुफाटा. सेलचं घड्याळ पाच-दहा मिनिटं उघडं राहतं. चावीचं घड्याळ पूर्ण खोलून, धुऊन, तेल देऊन परत बांधायला सरावलेल्या हातालाही दोन-तीन तास लागतात. दोन कामांतला सगळ्यात मोठा फरक हाच, आणि निम्मा निर्णय इथेच होऊन जातो.

दोन्ही कामांची अवजारं एवढी वेगळी का, ते जुन्या गोष्टीत आहे. १६७५ मध्ये डच शास्त्रज्ञ हॉयगेन्सने बॅलन्स चाकाला (मागेपुढे झुलून वेळ राखणाऱ्या चाकाला) केसासारखी बारीक गुंडाळी स्प्रिंग जोडून चालणारं घड्याळ करवलं, आणि खिशातलं घड्याळ भरवशाचं झालं. त्यानंतरची बहुतेक नाजूक हत्यारं त्या बॅलन्सभोवतीच घडली : बारीक टोकाचे चिमटे, तेल देण्याच्या सुया, दांडी ठोकून बसवायचा स्टेकिंग सेट, हातभर लेथ. स्वित्झर्लंडच्या ल लोकल गावातलं बर्जों हे अवजारांचं घराणं १७९१ पासूनचं आहे. मग २५ डिसेंबर १९६९ ला टोकियोत सेकोचं क्वार्ट्झ ॲस्ट्रॉन, म्हणजे स्फटिकावर आणि सेलवर चालणारं घड्याळ, विक्रीला आलं. त्यात बॅलन्सच नव्हता, त्यामुळे कारागिराच्या पेटीतली अर्धी हत्यारं त्या घड्याळापुरती निकामी झाली आणि त्यांच्या जागी मल्टिमीटर आलं.

आपल्याकडे एचएमटीने सिटिझनच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळुरूला घड्याळं बनवायला घेतली. टाटा आणि तमिळनाडू सरकारच्या उद्योग महामंडळाने मिळून १९८४ मध्ये टायटन काढली, ती क्वार्ट्झवर भर देऊनच. म्हणून वऱ्हाडातल्या कपाटात लग्नात जावयाला दिलेली एचएमटी सापडते आणि त्याच घरातल्या पोराच्या हातात सेलचं घड्याळ असतं. गिऱ्हाईक दोन्ही आणेल. दोन्ही कामं पहिल्या दिवसापासून घ्यायची की नाही, हे तुम्ही ठरवायचं.

सेलच्या कामाची पेटी

दाबून बसवलेलं झाकण उघडायची सुरी, पेचाच्या झाकणासाठी तीन दातांचा ओपनर, रबरी चेंडू, झाकण दाबायचं प्रेस आणि त्याच्या डाय (दाबायचे गोल साचे), पट्ट्याची पिन काढायचं हत्यार, प्लास्टिकचा चिमटा, हवेचा रबरी फुगा, मल्टिमीटर, आणि ०.८० ते १.६० मिमीचे पेचकस. पेचकसाच्या शेपटाचे रंग लक्षात ठेवा : ०.८० पिवळा, १.०० काळा, १.२० लाल, १.४० राखाडी, १.६० जांभळा. अस्सल स्विस पेचकसाचा एक सेट घ्यायला जेवढे पैसे जातील, तेवढ्यात ही अख्खी पेटी भरते. सुरुवातीला तो सेट घेऊ नका. साधे पेचकस घ्या, आणि पातं पेचाच्या खाचेत नेमकं बसेल असं बारीक दगडावर घासायला शिका.

सेलमध्ये सगळ्यात जास्त खपतो तो ६२६, म्हणजे ६.८ मिमी रुंद आणि २.६ मिमी जाड. त्याचाच ३७७ असाही नंबर असतो. त्याच रुंदीचा पण २.१ मिमी जाडीचा ६२१ जवळ ठेवा, नाहीतर घाईत जाड सेल घुसवून संपर्काची पट्टी वाकते. पुरुषी घड्याळांसाठी ९२०, डिजिटलसाठी २०१६ आणि २०३२.

सेलवर ‘एसआर’ छापलंय की ‘एलआर’ किंवा ‘एजी’, ते वाचूनच घ्या. एसआर सिल्व्हर ऑक्साइडचा असतो आणि शेवटपर्यंत १.५५ व्होल्टच्या आसपास टिकतो. एलआर (आणि एजी) अल्कलाईन, त्याचा दाब हळूहळू उतरत जातो आणि तो पाझरतोही जास्त. नवा असताना मीटरवर दोघे जवळपास सारखेच दिसतात, म्हणून व्होल्टेज पाहून ओळखायला जाल तर फसाल. स्वस्त एलआर टाकलेलं घड्याळ काही महिन्यांत परत येतं, आणि सोबत बोलणीही येतात.

‘सेल टाकला तरी चालत नाही भाऊ’ हे वाक्य रोज ऐकाल. तेव्हा आधी चावी (काटे लावायची बाजूची गुंडी) पूर्ण आत दाबलेली आहे का ते पाहा. ती बाहेर ओढलेली असली की मशीन थांबतंच. मग संपर्काची पट्टी. हिरवट-पांढरं साचलं असेल तर काडीवर थेंबभर व्हिनेगर घेऊन पुसा, मागाहून स्पिरिट. तरीही नाही, तर सेल काढून मीटर ओहमवर लावा आणि कॉइलची (मशीनमधल्या तारेच्या गुंडाळीची) दोन टोकं मोजा. बहुतेक साध्या मशीनमध्ये आकडा १ ते ३ किलोओमच्या दरम्यान येतो. काहीच आला नाही तर कॉइल तुटली. बहुतेक वेळा ती आधीच्या माणसाच्या पेचकसाने तुटलेली असते, कारण ती तार केसाहून बारीक. कॉइल ठीक, सेल ठीक, तरी काटा जागच्या जागी थरथरतो : म्हणजे चाकांत तंतू अडकला आहे किंवा काटे एकमेकांना घासताहेत. मियोटा २०३५ सारखं साधं, तयार मिळणारं मशीन असेल तर खोलत बसू नका, अख्खं मशीन बदला. डिजिटल घड्याळात नवा सेल टाकून पडदा कोराच राहिला, तर ‘एसी’ लिहिलेला ठिपका आणि सेलची वरची बाजू चिमट्याने क्षणभर जोडा. इथे मात्र चिमटा धातूचाच लागतो.

सर्वांत महागात पडणारी चूक प्रेसवर होते. वरची डाय काचेवर टेकली की काच गेली. ती केसच्या कडेवरच टेकायला हवी. झाकणाला चावीच्या दांडीसाठी खाच असते, ती चावीसमोर आणूनच दाबा. रबरी वायसर चिमटला असेल तर पहिल्याच पावसात काचेआड वाफ धरते.

भिंतीवरच्या घड्याळात विशेष काही नाही. मशीन बदलायचं, फक्त डायलच्या जाडीला पुरेल एवढ्या लांबीचा आटा असलेलं घ्यायचं.

चावीच्या कामाची पेटी

इथे भिंग चांगलं लागतं, चिमटे दोन तरी लागतात (एक जाड, एक पाच नंबरचा बारीक), मशीन धरायचा होल्डर, काटे काढायचं हत्यार, तेलाच्या सुया, किमान दोन तेलं आणि एक ग्रीस. शिलाई मशीनचं तेल वापरणारे अजून भेटतात. ते पसरतं, खड्याच्या (चाकाचं टोक ज्यात फिरतं त्या दगडाच्या) वाटीत थांबत नाही, आणि चंद्रपूर-अकोल्याच्या मे महिन्यात तर आणखी पातळ होऊन हेअरस्प्रिंगवर, म्हणजे बॅलन्सच्या त्या बारीक स्प्रिंगवर, चढतं. वेटोळी एकमेकांना चिकटली की घड्याळ तासाला काही मिनिटं पुढे पळू लागतं. मोबाईलच्या चुंबकी कव्हरजवळ ठेवलेलं घड्याळही असंच पळतं, म्हणून धुवायच्या आधी होकायंत्र जवळ धरून सुई हलते का पाहा. हलली तर डीमॅग्नेटायझर पुरे. खोलायचं कारणच नाही.

खोलण्याचा क्रम बदलू नका. काटे, डायल, मग कमानीतला (चावीने गुंडाळल्या जाणाऱ्या मुख्य स्प्रिंगमधला) ताण सोडणे : चावी बोटांत धरून क्लिक (कमान उलटी सुटू न देणारी खिट्टी) बाजूला करायची आणि चावी हळूहळू फिरू द्यायची. त्यानंतर बॅलन्स, पॅलेट (चाकांना ठोक्याठोक्याने अडवून सोडणारा भाग), चाकांचा पूल (चाकांना वरून धरणारी पट्टी), शेवटी बॅरल (कमानीचा डबा). ताण असताना पॅलेट काढला की चाकं भर्रकन सुटतात आणि टोकं मोडतात. धुवायला व्हाईट पेट्रोल चालतं, पण पॅलेट स्पिरिटमध्ये बुडवून ठेवू नका. त्याचे खडे लाखेने चिकटवलेले असतात आणि स्पिरिटमध्ये लाख विरघळते. तेल देताना खड्याची वाटी पूर्ण भरायची नसते. कापसाचा एक तंतू त्या वाटीला टेकला तरी वातीसारखं तेल ओढून घेतो. म्हणूनच हे काम बाजारात करू नये, घरी पंखा बंद करून, काचेच्या झाकणाखाली भाग ठेवत करावं.

टाईमग्राफर, म्हणजे ठोके ऐकून चूक दाखवणारं यंत्र, घ्यावा का? एचएमटी जनताचं मशीन तासाला १८,००० ठोके देतं, म्हणजे सेकंदाला पाच. फोनच्या माईकवर ऐकणारी ॲप्स शांत खोलीत रोजची चूक सांगण्यापुरती बरी असतात. महिन्याला पाच-सहा चावीची घड्याळं येऊ लागली तर यंत्र घ्या, आधी नको. स्टेकिंग सेट आणि लेथ तर मुळीच नको. बॅलन्सची दांडी मोडली तर ती नवी बसवायला ही दोन्ही लागतात हे खरं, पण आज व्यवहार्य उपाय म्हणजे भंगारातल्या दुसऱ्या घड्याळाचा अख्खा बॅलन्स काढून टाकणं.

सुटे भाग ही या धंद्याची खरी अडचण आहे. एचएमटीचं घड्याळ उत्पादन बंद करायचा निर्णय २०१६ मध्ये झाला. त्यामुळे भाग म्हणजे जुना साठा किंवा मेलेली घड्याळं. जनता आणि पायलट या एचएमटीच्या दोन मॉडेलांचं मशीन एकच, म्हणून फुटक्या डायलचं पायलट भंगारात दिसलं तर सोडू नका. ताज्या रंगाच्या डायलचं ‘नवंकोरं’ जुनं घड्याळ मात्र आतून पाहिल्याशिवाय घेऊ नका.

वेळ कोण बरोबर दाखवतं

गिऱ्हाईक हे विचारतंच. साधं क्वार्ट्झ महिन्याला वीसेक सेकंदांत राहतं. चांगलं सर्व्हिस केलेलं चावीचं घड्याळ दिवसाला वीस-तीस सेकंद इकडेतिकडे झालं तरी तक्रार नसावी. क्वार्ट्झलाही ऊन लागतं बरं का. त्याचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो आणि २५ अंशांच्या आसपास सर्वांत नेमका असतो. ४५ अंशांवर पडून राहिलेलं घड्याळ त्यामुळे दिवसाला सव्वा सेकंदाच्या जवळपास मागं पडतं. मनगटावर असताना हा फरक फारसा जाणवत नाही. टिनाच्या खोलीतल्या भिंतीवर जाणवतो.

काय घ्यावं

पहिल्या हंगामात सेलची पेटी आणि पट्टे. १८, २० आणि २२ मिमीच्या पिना डबीभर. बाजाराच्या दिवशी रोख यातूनच येते, आणि लग्नसराईत तर रांग लागते. सोबत चावीच्या कामाचे तीनच जिन्नस घ्या, जे सेलच्या कामातही चालतात : चांगलं भिंग, पाच नंबरचा चिमटा, काटे काढायचं हत्यार. घरी दोन-तीन मेलेल्या एचएमटी खोलून-बांधून हात बसवा. चार वेळा बांधून चारही वेळा चाललं तर तेलं मागवा.

चावीचं घड्याळ बाजारात कुणी आणलंच, तर तिथे झाकणाखाली डोकावण्यापलीकडे जाऊ नका. चिठ्ठीवर डायलवरचे ओरखडे, काचेचा तडा, पट्टा आहे की नाही, सगळं गिऱ्हाईकासमोर लिहा, घड्याळ झिपच्या पिशवीत घाला आणि पुढच्या बाजाराचा वायदा द्या. मधले सहा दिवस तपासणीला बरोबर पुरतात : दोन दिवस धुणं-बांधणं, मग पूर्ण चावी देऊन एक दिवस डायल वर, एक दिवस डायल खाली, एक दिवस चावी खाली. डायल वर असताना बरोबर आणि चावी खाली करताच मागं पडत असेल, तर बॅलन्सच्या टोकांकडे परत जा. टोक झिजलंय किंवा तिथला खडा नीट धुतला गेला नाही. उरलेला दिवस त्यासाठीच आहे.