आमिश रोमान्स की मिल्स अँड बून?

दोन्ही प्रेमकादंबऱ्याच, एका बैठकीत संपतात, शेवट गोड होणार हे पहिल्या पानापासून माहीत असतं, मग फरक काय? तर मिल्स अँड बून, म्हणजे लंडनची १९०८ पासूनची प्रकाशन कंपनी, तिथे अडथळा असतो हीरोचा इगो नाहीतर कुठलातरी गैरसमज, जो दोघं पाच मिनिटं धड बोलले असते तर मिटला असता. आमिश म्हणजे अमेरिकेतला जुन्या पद्धतीने राहणारा ख्रिश्चन समाज, त्यांच्यावरच्या कादंबरीत अडचण खरीखुरी असते. पेन्सिल्व्हेनियातली लँकेस्टर काउंटी, घोड्याची बग्गी, घरात विजेची लाइन नाही, आणि पोरीने एकदा बाप्तिस्मा घेतला की समाजाबाहेरच्या मुलाशी लग्न म्हणजे बहिष्कार, घरचे एका टेबलावर जेवायलाही बसवत नाहीत. म्हणून नुसता हात धरला तरी धडधड होते राव! लग्नं जास्त करून नोव्हेंबरात, मंगळवारी नाहीतर गुरुवारी, जेवणात सेलरी (ती लांब हिरव्या देठांची भाजी) हवीच, असले डिटेल्स मला फार आवडतात. प्रार्थना, बायबल अधूनमधून जरा जास्तच होतं, ती पानं सरळ उलटायची. चावट सीन हवे असतील तर मात्र मिल्स अँड बूनच घ्या, आमिशमध्ये साधं चुंबनसुद्धा शेवटच्या चॅप्टरपर्यंत लांबवतात.