पुराचा विमा की बाजूला ठेवलेली रक्कम?

सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी 45 फूट. 2019 मध्ये पाणी 57 फुटांवर गेलं, 2021 मध्ये पुन्हा घरांत शिरलं. अशा पूरपट्ट्यात तळमजल्यावर घर असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: विमा घ्याच. ‘भारत गृह रक्षा’ या घरविम्याच्या पॉलिसीत पूर मुळातच धरलेला असतो. इमारतीच्या विमा रकमेच्या 20 टक्के, कमाल 10 लाखांपर्यंत, घरसामानालाही संरक्षण मिळतं. दागिन्यांसाठी मात्र वेगळं कलम घ्यावं लागतं, ते विसरू नका.

एफडीत बाजूला ठेवलेली रक्कम लगेच हाताशी येते, विम्याच्या दाव्यासारखी कागदपत्रं लागत नाहीत. चिखल उपसायला, रंगरंगोटीला ती पुरेल. भिंतच खचली तर? तिथे ती अपुरी पडेल. चौथ्या मजल्यावर राहणाऱ्याला मात्र एफडी बहुधा पुरे.