केनियातील इंटर्नशिपच्या नावाखाली आमचे १,५३,००० रुपये कसे गेले

मी सांगलीत माध्यमिक शाळेत शिकवते आणि माझी मुलगी मिरजेत एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावावर काम करायचे, हे तिने पहिल्यांदा प्रसूतिगृहात ड्युटी केली तेव्हाच मनाशी ठरवले होते. त्यामुळे मे महिन्याच्या सुट्टीत नैरोबीच्या एका रुग्णालयात चार आठवडे स्त्रीआरोग्य संशोधनाची इंटर्नशिप मिळत असल्याचा संदेश जानेवारीत तिच्या मोबाइलवर आला, तेव्हा तिच्या कष्टांचे चीज झाले असेच आम्हा दोघींना वाटले.

त्यांनी पाठवलेली संशोधनाची माहिती खरी होती, आणि आम्ही फसलो ते तिथेच. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका व टांझानियातील ८० रुग्णालयांत झालेल्या ई-मोटिव्ह अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. बाळंतिणीखाली खुणा असलेली पारदर्शक पिशवी अंथरून रक्त अंदाजाने न ठरवता मोजायचे आणि ते वाढताच सगळे उपचार एकदम सुरू करायचे, या पद्धतीने गंभीर रक्तस्राव आणि त्याचे घातक परिणाम सुमारे ६० टक्क्यांनी घटले. हा मजकूर जसाच्या तसा उचलून, त्याच कामाच्या पुढच्या टप्प्यासाठी तिची निवड झाल्याचे पत्र त्यांनी पाठवले. ‘डॉक्टर’ म्हणून व्हिडिओ कॉलवर आलेल्या बाईंनी त्या पिशवीविषयी तिला चाळीस मिनिटे प्रश्न विचारले. त्यानंतर पैशांबद्दल शंका काढणे मला अप्रशस्त वाटले.

नोंदणीचे १२,०००, माणसांवरील संशोधनाला परवानगी देणाऱ्या नैतिक समितीच्या मान्यतेचे ४५,०००, निवास व विम्याचे ६८,००० आणि व्हिसाचे २८,००० रुपये मी भरले. यूपीआयवर दर वेळी रुग्णालयाऐवजी एका व्यक्तीचे नाव दिसत होते, आणि ते वाचूनही मी पिन टाकला. नैतिक समितीची मान्यता अभ्यासाला मिळते, विद्यार्थ्याला ती विकत घ्यावी लागत नाही. आणि जानेवारी २०२४ पासून केनियाने व्हिसा बंद करून ऑनलाइन प्रवास परवाना सुरू केला आहे, हे मला नंतर कळले.

पुढे पीतज्वराची लस नैरोबी विमानतळावर देऊ, त्याचे ९,५०० रुपये पाठवा, असा निरोप आला. मुलीने तो सामुदायिक वैद्यकशास्त्राच्या मॅडमना दाखवला. ही लस निघण्याच्या किमान १० दिवस आधी इथल्याच अधिकृत केंद्रात घ्यावी लागते आणि तिचे प्रमाणपत्र नसेल तर भारतात परतल्यावर ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते, हे त्यांनी सांगितले. मुलीने त्याच दिवशी रुग्णालयाच्या संकेतस्थळावरील पत्त्यावर ईमेल केला. असा कोणताही कार्यक्रम आमच्याकडे नाही, असे तिसऱ्या दिवशी उत्तर आले.

त्यानंतरचे दोन दिवस मी लाजेपायी गमावले. सासरी काय सांगायचे, शाळेत कळले तर काय, याच विचारात मी सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला नाही. सायबर पोलिसांनी तर पहिले काही तास सर्वांत महत्त्वाचे असतात, असे सांगितले. शेवटचे २८,००० तेवढे बँकेने रोखून धरले, बाकीचे पुढच्या खात्यांत निघून गेले होते. मुलगी मात्र सुट्टीत मिरजेतल्याच प्रसूती विभागात मॅडमच्या हाताखाली नोंदी घेण्याचे काम करणार आहे.

मागच्या आठवड्यात तासगावच्या एका पालकांनी मला याच मजकुराचे पत्र दाखवले. नोंदणीचे १२,००० रुपये ते दुसऱ्या दिवशी भरणार होते.