घड्याळ विमानातच फिरवायचं की उतरल्यावर?

लांबच्या विमानप्रवासाला मित्रमंडळी निघाली की जेट लॅगवर, म्हणजे तिकडच्या वेळेशी शरीराचं घड्याळ न जुळल्यानं झोप-भुकेचा जो घोळ होतो त्यावर, दोन तट पडतात. एक म्हणतो, सीटवर बसल्या बसल्या घड्याळ तिकडच्या वेळेला लावायचं आणि त्याच वेळेनं जेवायचं, झोपायचं. दुसरा म्हणतो, कशाला डोक्याला ताप? झोप येईल तेव्हा झोपू, तिकडं गेल्यावर बघू. मी दोन्ही करून पाहिलंय, त्याच तिघा मित्रांबरोबर आणि त्याच दिशेला. दोन्ही वेळा आम्ही पूर्वेकडं, 8 तास पुढं गेलो. विमान दुपारी 2 ला सुटायचं, म्हणजे तिकडं रात्रीचे 10 झालेले. साधारण 12 तासांनी उतरलो की तिकडं सकाळचे 10 वाजलेले असायचे.

पहिल्या खेपेला कुणाचंच काही ठरलं नव्हतं, त्यामुळे आपोआप दुसरी पद्धत झाली. खरं सांगतो, विमानातला वेळ फार मजेत गेला. गप्पा, सिनेमे, पुन्हा गप्पा. ट्रे आला की जेवलो. उतरायच्या जेमतेम तीन तास आधी डुलकी लागली. हॉटेलवर पोचलो तेव्हा शरीराच्या हिशेबानं पहाटेचे 3 वाजत आलेले. दोघं तसेच आडवे झाले ते थेट संध्याकाळी उठले, एक तासभर झोपला, आणि मी हट्टानं जागा राहिलो. माणसं चार आणि घड्याळंही चार.

आणि मग ती पिशवी.

रात्री 3 ला मला जाग आली ती प्लास्टिकच्या चुरचुर आवाजानं. खोलीतला माझा जोडीदार, दिवसभर झोपलेला, अंधारात वेफर्सची पिशवी उघडत होता. बिचारा हळू उघडत होता, तेच जास्त वाईट. फाडकन फाडली असती तर एकदाच आवाज झाला असता. ‘भूक लागलीय रे,’ म्हणाला. लागणारच! त्याच्या पोटात संध्याकाळचे 7 वाजले होते. पुढचे तीन दिवस हेच. 3 ला पिशवी, 4 ला बॅगेची चेन, 5 ला आंघोळ. दिवसा मी फिरायला तयार तेव्हा तो पेंगणार, तो रंगात यायचा तेव्हा माझे डोळे मिटणार. एकट्यानं जाणाऱ्याला जेट लॅग फक्त स्वतःचा सोसावा लागतो, मित्रांबरोबर गेलं की सगळ्यांचा. माझा निर्णय खरं तर त्या पिशवीनं केला.

दुसऱ्या खेपेला आम्ही दोघांनी घड्याळ विमानातच फिरवायचं ठरवलं. पिशवीवाला आणि चौथा जुन्याच मताचे राहिले. दुपारी 2 ला झोपायचं म्हणजे चेष्टा नाही, म्हणून निघायच्या दिवशी पहाटे 4 ला उठलो आणि सकाळनंतर कॉफी घेतली नाही. कॉफीचा अर्धा अंमल उतरायलाच पाच-सहा तास लागतात, तेव्हा ‘चढायच्या आधी एक कप’ महागात पडतो. विमानतळावरच पोटभर जेवलो. आत बसल्यावर डोळ्यांवर पट्टी, कानात इअरप्लग.

या पद्धतीचा जाच असा, की तुम्ही झोपलाय हे कुणाला पटतच नाही. ‘जेवण आलंय रे’ म्हणून खांद्यावर थाप पडते. मग ‘हा सीन बघ’ म्हणून कोपर लागतं. मला तुकड्यातुकड्यांत पाचेक तास झोप मिळाली असेल. शिवाय गप्पांना मुकलो, ते वेगळंच. सहलीची अर्धी मजा जाण्यायेण्यात आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी हा तोटा धरून चालावा.

उतरल्यावर मात्र एक गोष्ट जपावी लागते आणि ती बरेच जण उलटी करतात. ‘पोचताच उन्हात हिंडा’ हा सल्ला सरसकट लागू नाही. रोजच्या उठण्याच्या दोन-तीन तास आधी शरीराचं तापमान सर्वांत खाली जातं. त्या क्षणाआधी डोळ्यांत पडलेला उजेड शरीराचं घड्याळ मागं ढकलतो, नंतरचा पुढं ओढतो. माझा तो क्षण पहाटे 4 च्या सुमाराचा, म्हणजे तिकडच्या दुपारी 12 चा. पूर्वेकडं जाताना घड्याळ पुढं न्यायचं असतं, मग सकाळी 10 चं ऊन माझ्यासाठी उलट कामाचं. म्हणून 12 वाजेपर्यंत काळा चष्मा आणि सावली, त्यानंतर यथेच्छ ऊन. गडद चष्म्यानं सामानाच्या पट्ट्यापाशी उभं राहिलेलं ध्यान बघून मित्र हसले, हसू देत.

पहिल्या रात्री मी 10 ला झोपलो आणि 4 ला उठलो, दुसऱ्या रात्री साडेपाचला. आधीच्या खेपेला इथवर यायला पाच दिवस लागले होते. हा काही प्रयोगशाळेतला निकाल नाही. हवामान वेगळं, वय दोन वर्षांनी वाढलेलं आणि शेजारी पिशवी नाही. पण फरक जाणवला हे नक्की. एका टाइम झोनला एक दिवस असा ढोबळ हिशेब सांगतात, त्या मानानं बरंच लवकर आटोपलं.

येतानाची गोष्ट मात्र निराळी. पश्चिमेकडं परतताना दिवस लांबतो आणि शरीराला ते मानवतं, कारण आतलं घड्याळ बहुतेकांचं 24 तासांहून थोडं संथच चालतं. उशिरा झोपणं कुणालाही जमतं, लवकर झोपणं जमत नाही. त्यामुळे परतीला मी कसलाच आटापिटा केला नाही, गप्पा मारत आलो, काही बिघडलं नाही. दोन-तीन दिवसांचंच काम असेल तर घड्याळ अजिबात न फिरवता घरच्या वेळेवर राहिलेलं बरं. फिरेपर्यंत परतायची वेळ येते.

मेलाटोनिनबद्दल, म्हणजे शरीराला रात्र झाल्याचं सांगणाऱ्या संप्रेरकाच्या गोळीबद्दल, कुणी ना कुणी विचारतंच. काही देशांत ते दुकानात सहज मिळतं, काही देशांत चिठ्ठीशिवाय नाही. घेणार असाल तर आधी डॉक्टरांना विचारा. चुकीच्या वेळी घेतलं तर तेही घड्याळ भलतीकडं नेतं. दारूनं झोप लागते पण टिकत नाही, एवढं पुरे. आणि घसा कोरडा, डोकं जड हे सगळंच जेट लॅगचं नसतं. केबिनमधली हवा वाळवंटासारखी कोरडी असते आणि तिचा दाब सहा ते आठ हजार फुटांच्या डोंगरावर असावा तेवढाच. तो शीण एका चांगल्या झोपेत जातो, जेट लॅग जात नाही.

तुमचं उठणं-बसणं दोन्ही तटांत असेल तर सगळ्यांना एका पद्धतीवर आणण्याच्या फंदात पडू नका, मैत्री त्याहून महत्त्वाची. खोल्या मात्र घड्याळाप्रमाणे वाटा. दुसऱ्या खेपेला आम्ही तेच केलं. चौथा त्या खेपेला पिशवीवाल्याच्या खोलीत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला सुजलेल्या डोळ्यांनी आला, माझ्या शेजारी बसला आणि हळूच म्हणाला, ‘पुढच्या वेळी तो काळा चष्मा मलाही एक घे.’