स्टिकर वीस युनिटचं, आत बॅटरी बारा युनिटची

जुनी इलेक्ट्रिक पिकअप घेणार असाल तर आधी हे वाचा, मग बयाणा द्या.

"कंपनीचीच बॅटरी आहे भाऊ, वीस युनिटची. माल भरून एकशे चाळीस किलोमीटर डोळे झाकून जाते," असं सांगून नागपुरातल्या एका विक्रेत्याने मला गाडी दिली. काटोलकडून नागपूरच्या कळमना बाजारात संत्री आणायची, जायला साठ आणि यायला साठ किलोमीटर धर, हे मी त्याला आधीच सांगितलं होतं. त्याने रिंग रोडवर रिकामी गाडी फिरवून दाखवली. स्क्रीनवर १०० टक्के, खाली १४० किलोमीटर. खोदून विचारलं तर मोबाइलवर अमेरिकेतली फोर्ड एफ-१५० लाइटनिंग दाखवली, "ती पाचशे जाते, ही एकशे चाळीस नाही जाणार?" त्या गाडीत १३१ युनिटची बॅटरी बसते तेव्हा ती ५१५ किलोमीटर जाते, आणि मागे जड ट्रेलर लावला की ती रेंजही जवळपास निम्म्यावर येते. हे मात्र त्याने सांगितलं नाही.

मार्चमध्ये मृग बहाराचा माल भरून निघालो आणि वाटेतलं फेटरी गाव यायच्या आधीच गाडी बसली. क्रेट दुसऱ्या गाडीत हलवावे लागले, लिलाव हुकला, फळ उन्हात नरम पडलं ते वेगळंच.

मेकॅनिकने हौद्याखालचं झाकण उघडलं. बॅटरीच्या पॅकवर धुळीने माखलेली छोटी पाटी होती. बोटाने पुसली तर ७६.८ व्होल्ट, १६० एएच (अँपिअर-तास). दोन्ही आकडे गुणा, हजाराने भागा, १२.३ युनिट येतात. दारावर मात्र २० चं चकचकीत स्टिकर! पॅक बसवायची मूळ भोकं रिकामी होती आणि लहान पॅक नव्या वेल्ड केलेल्या पट्ट्यांवर टेकवला होता. विक्रीच्या कागदावरचा बॅटरी नंबर पाटीशी जुळत नव्हता.

विक्रेता म्हणाला, "उन्हामुळे होतं, सर्व्हिसिंग केली की वाढेल." म्हणून मी चार्जिंगच्या पॉइंटला सब-मीटर लावून घेतला. १० टक्क्यांपासून १०० पर्यंत भरायला साडेबारा युनिट लागले. चार्जरमध्ये दहाएक टक्के वीज उष्णतेत जाते, म्हणजे बॅटरीत गेले अकराच्या आसपास. बॅटरी खरंच वीसची असती तर मीटर वीसच्या घरात गेला असता. उन्हाचा, सर्व्हिसिंगचा इथे काय संबंध?

त्या स्क्रीनवरही विसंबू नका. माझ्या गाडीत ५० टक्क्यांना बरोबर ७० किलोमीटर दिसतात, हौदा भरलेला असो की रिकामा. टक्क्यांना ठरावीक आकड्याने गुणलं जातंय, बाकी काही नाही.

अंदाज असा काढा. २०२२ मध्ये आलेल्या टाटा एस ईव्हीची बॅटरी २१.३ युनिटची आणि प्रमाणित रेंज १५४ किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला साधारण १४० वॅट-तास (एक युनिट म्हणजे हजार वॅट-तास). तो आकडा ठरावीक चाचणीतला. पूर्ण माल, वेग, चढ आणि वारा आला की त्याहून जास्त लागतं. आपण १५० धरू. १२.३ पैकी अकरा युनिट वापरायचे ठरवले तर ७३ किलोमीटर. काटोलची फेरी या बॅटरीत बसतच नाही, आणि हे गाडी विकणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं. लहान गाडीवाल्याचं पोट एका फेरीवर असतं. ते ठाऊक असूनही कोणी असा पॅक बदलून विकतो, याचा मला आजही संताप येतो.

सौदा करण्याआधी झाकण उघडायला लावा, पाटीचा फोटो घ्या, व्होल्ट, एएच आणि पॅकचा नंबर बिलावर लिहून मागा. आढेवेढे घेतले तर तिथूनच परत फिरा. चाचणी घ्यायची तर माल भरून, निदान ३० किलोमीटर, आणि नंतर सब-मीटरवर चार्ज करून.

मी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. "धंद्याची गाडी, तुम्ही ग्राहक नाही," असं विक्रेत्याने ऐकवलं होतं, पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगाराची गाडी घेतलेल्याला २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा ग्राहकच मानतो. तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे. १९१५ या हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवता येते. ज्यांनी अशी गाडी आधीच घेतली आहे त्यांनी आजच पाटी बघा, आणि आकडा जुळत नसेल तर पॅक कोणालाही खोलू देण्याआधी त्याचे फोटो काढून ठेवा.